सहाव्या मजल्यापर्यंत वाफ

बेस्निकने मिशीचं एक टोक दोन बोटांत धरून ताणलं आणि लॉबीत जमलेल्या सगळ्यांना नीट दाखवलं. आर्थर अव्हेन्यूवरचा मासेवाला गिऱ्हाइकाला कल्ला उघडून दाखवतो ना, तसं.

"ही," तो म्हणाला. "शनिवारी सकाळी वाफ सोडतो. एफ रांगेत एक जरी ठोका ऐकू आला, तर ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसून उतरवतो. भर रस्त्यावर."

"आणि नाही आला तर?" दुसऱ्या मजल्यावरच्या मारिबेलने विचारलं. तिचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं, त्यामुळे तिला या विषयात धंद्याच्या दृष्टीनेही रस होता.

"तर मिस्टर ब्रॅथवेटची."

सगळ्यांच्या माना एकदम ऑर्विल ब्रॅथवेटकडे वळल्या. ब्रॅथवेट इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष, मूळचा बार्बाडोसचा, राहायला चौथ्या मजल्यावर. त्याची मिशी पांढरीशुभ्र, पातळ आणि दोन्ही टोकांना मेण लावून सारखी केलेली. उभं आयुष्य त्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे रूळ बसवण्यात घालवलं होतं. एक रूळ दुसऱ्यापेक्षा केसभर वर असेल तर म्हणे त्याला रात्री झोप यायची नाही.

"मी पैजा लावत नाही," ब्रॅथवेट म्हणाला.

"बरोबर. हरायची खात्री असली की मीपण लावत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. ब्रॅथवेटने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याच्या हातात कमिटीचा ठराव होता. एफ रांग म्हणजे दुसऱ्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत एकावर एक असलेली पाच घरं. पाचांनाही गरम करायला एकच उभा नळ. तळघरातल्या बॉयलरमधून वाफ त्याच नळाने वर जायची आणि तिचं पाणी होऊन त्याच नळाने खाली यायचं. एरवी अधूनमधून कुरकुरणारा तो नळ या हिवाळ्यात असा काही आपटत होता की आत कोणीतरी कोंडलंय आणि घणाने भिंत फोडून बाहेर यायला बघतंय, असं वाटावं. ठराव असा होता की शनिवारपर्यंत आवाज थांबला नाही, तर एफ रांगेची वाफ उन्हाळ्यापर्यंत बंद. प्रत्येकाने विजेचा हीटर आणावा.

"कमिटीचं असं मत आहे," ब्रॅथवेटने सुरुवात केली, "की सद्यःपरिस्थितीत..."

धाड.

लॉबीच्या छतावरून पांढरा चुना त्याच्या खांद्यावर पडला.

"नळाचंही मत ऐकून घ्या," बेस्निक म्हणाला.

आता माणसं उघड हसायला लागली, आणि ब्रॅथवेटच्या नाकपुड्या फुगल्या. त्याने कागदाची घडी घातली. कडेला कड बरोबर जुळवून.

"ठीक आहे. लावली."

"बेसा?" बेस्निकने हात पुढे केला. तो अल्बेनियाच्या डोंगरातला. त्याच्याकडे बेसा म्हणजे दिलेला शब्द. तो मोडणाऱ्याला त्याच्या गावात कोणी कॉफीसुद्धा विचारत नाही.

"बेसा," ब्रॅथवेट म्हणाला आणि हात मिळवला.

खरं सांगायचं तर कोणीच फारसं मनावर घेतलं नाही. बेस्निक लेशी इथला सुपर. बॉयलरपासून कचऱ्याच्या पिंपापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर, आणि गंमतींचं खातंही त्याच्याचकडे. मागे त्याने लॉबीतल्या प्लॅस्टिकच्या झाडाला पाणी घालायच्या पाळ्या लावल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या टिअर्नीने सबंध उन्हाळा आपली पाळी इमानाने पाळली आणि वर झाड जरा तरारलंय असंही सांगितलं. पन्नाशी उलटली तरी माणूस सुधारायचं नाव घेत नव्हता.

हात पुसत, शीळ घालत तो सहाव्या मजल्यावर गेला. पैजेची बातमी मिसेस एडेलमनला आपल्या तोंडूनच कळावी, अशी त्याची इच्छा होती.

दार उघडलं ते पर्ल एडेलमननेच. वय वर्षं शहाऐंशी, अंगात ओव्हरकोट, डोक्यावर लोकरीची टोपी.

"बाहेर निघालात?"

"नाही रे. स्वयंपाक करतेय."

आत कोचावर दोन सुटकेस उघड्या होत्या आणि तिची मुलगी ॲड्रिएन स्वेटरांच्या घड्या घालत होती. तिच्याही अंगात कोट. बोलताना दोघींच्या तोंडातून धूर निघत होता. बेस्निकने खिडकीखालच्या रेडिएटरला हात लावला. मग दुसराही लावला. लोखंड फ्रिजसारखं गार होतं.

"रविवारी मी आईला घेऊन जातेय," ॲड्रिएन म्हणाली. "न्यू जर्सीला, माझ्या घराजवळ. चांगली जागा आहे. गालिचा आहे, नर्स आहे, अंगण आहे."

"बिंगो राहिलं," मिसेस एडेलमन म्हणाली.

"आणि बिंगो आहे. आई, प्लीज."

"विजेचा हीटर..." बेस्निकने तोंड उघडलं.

"या वायरिंगवर? रात्रभर, तिच्या पलंगाशेजारी?" ॲड्रिएनने स्वेटर खाली ठेवला. "मिस्टर लेशी, मी वाईट मुलगी नाही हो. पण इथं माणूस राहू शकत नाही."

तो मिसेस एडेलमनकडे वळला.

"अहो, पण मला कळवायचं नाही का?"

"कळवायचं? रोज सकाळी कळवतेय."

तिने स्वयंपाकघरातून वर आलेल्या वाफेच्या नळाकडे बोट केलं. नळाशेजारच्या खिळ्याला एक जुनी पळी लटकत होती. ब्रॉन्क्समधल्या जुन्या इमारतींत वाफ हवी असली की लोक नळावर ठोकतात, आणि खाली सुपरला ऐकू जातं. मिसेस एडेलमनचे ठोके ठरलेले. दोन जवळजवळ, तिसरा जरा थांबून. म्हणजे, 'जागा आहेस का?' त्यावर बेस्निक तळघरातून पान्ह्याने दोनदा वाजवायचा. 'आहे.' गेले कितीतरी हिवाळे दोघांचं रोजचं बोलणं झालं ते असंच. प्रत्यक्ष भेट झाली की फक्त भांडण.

"तू काही उत्तर देईनास," ती म्हणाली. "म्हटलं, कंटाळला असेल पोरगा. मग वाजवणं सोडून दिलं."

बेस्निकच्या डोळ्यांपुढे सबंध डिसेंबर उभा राहिला. नळ सकाळपासून आपटत होता, आणि त्या आवाजात ही बाई सहाव्या मजल्यावरून पळी मारत होती. त्याने तर टिअर्नीला सांगितलंही होतं, की म्हातारीच्या हातात यंदा भलताच जोर आलाय.

त्याने खिशातला रुमाल काढला आणि हात पुसले. ते कोरडेच होते.

"शनिवारी सकाळी वाफ येईल," तो म्हणाला. "इथपर्यंत. मिशी पणाला लावलीय मी."

"कोणाशी?"

"ब्रॅथवेटशी."

मिसेस एडेलमनने त्याचं तोंड निरखून पाहिलं. "तिच्याखाली काय आहे, ते तुला तरी ठाऊक आहे का?"

"लग्नाच्या आधी बघितलं होतं एकदा."

"मग जिंक बाबा," ती म्हणाली. "मला नाही बघायचं."

ॲड्रिएनने सुटकेस बंद केली नाही, पण पुढचा स्वेटरही उचलला नाही.

तळघरात बेस्निकने एफ रांगेची वाफ बंद केली, नळ गार होऊ दिला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सुतळी ताणून बांधली. सुतळी सरळ होती. छताखालून जाणारा आडवा नळ मात्र मध्ये पोट सुटल्यासारखा खाली आला होता. त्याला धरून ठेवणारे दोन लोखंडी आकडे गंजून केव्हाच तुटले होते. सुटलेल्या त्या पोटात पाणी साचलेलं. बॉयलरमधून आलेली वाफ त्या पाण्याला उचलून आपटत होती, आणि त्या मारामारीत दमून अर्धमेली वरच्या मजल्यांवर पोचत होती.

"अगदी माझ्यासारखं," टिअर्नी म्हणाला. तो उलट्या बादलीवर चहाचा थर्मास घेऊन बसला होता. हा निवृत्त बारमन. दुसऱ्याला काम करताना बघणं ही त्याची जुनी सवय. "पोटात साठलं की आवाज येणारच."

बेस्निकने साखळीची पुली लावून नळ थोडा थोडा वर घेतला. मध्येच थांबायचा, कान द्यायचा, आणि नळ कुरकुरायचा बंद झाला की आणखी थोडा. सुतळीला लागला तेव्हा नवे आकडे ठोकले. मग राहिलं कोपऱ्यातलं वळण. तिथला लोखंडी एल्बो इतका सडला होता की त्याच्या पापुद्र्यांतून बोट आत जात होतं, पण आटे काही सोडत नव्हते. त्याने ज्योत लावून तो तापवला. हातोडीने चहूबाजूंनी वाजवला. तेल पाजलं. अल्बेनियनमध्ये त्याच्या आईची चौकशी केली. शेवटी पान्ह्याच्या दांड्यावर लांब नळी चढवली आणि तिच्यावर पोट टाकून लोंबकळला.

"तुझ्या बायकोला कोणाला फोन करायला सांगू?" टिअर्नीने विचारलं.

कुठेतरी आत कुईं झालं. दांडा बोटभर फिरला, मग वीतभर, आणि बेस्निक गुडघ्यांवर आला. वर्षानुवर्षं बसलेला एल्बो पान्ह्यात अडकून हातात आला होता. सळईवर कोंबडी लावून फिरवावी तसा तो त्याने टिअर्नीभोवती मिरवला. टिअर्नीने थर्मासच्या झाकणाने सलामी दिली.

नवा एल्बो, नवा तुकडा, ताजे आटे. सगळं घट्ट केलं आणि त्याने वाफ सोडली. नळ तापत गेला. एक पाऊल पुढे, दुसरं पाऊल पुढे, गुपचूप. वाफ वळणावर पोचली, वळली, वर चढली. बेस्निकने डोळे मिटले.

वर कुठेतरी, लांब, धाड.

आणि लगेच आणखी एक.

टिअर्नी उठला, बादली जागेवर ठेवली आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटलं. "वरचा ओठ फार नाजूक असतो हो. मफलर घे."

आता दोष तळघरात नव्हता. म्हणजे तो घरांत होता. बेस्निकने पान्हा कमरेला लावला आणि दारं ठोकायला निघाला. मारिबेल म्हणाली, आमचा रेडिएटर झकास आहे, आणि दार चार बोटंच उघडलं. टिअर्नी तळघरात दिवसभर बसला, पण घरात यायचं म्हटल्यावर त्याला एकदम मांजरीची तब्येत आठवली. पाचव्या मजल्यावरचा शफीकभाई टॅक्सी चालवायचा. तो म्हणाला, भाई, बायको झोपलीय. आतून बायकोच्या फोनवर मोठ्याने बोलण्याचा आवाज येत होता.

बेस्निक जिन्यातच बसला. कोणी काय लपवतंय ते त्याच्या ध्यानात आलं. रेडिएटरला हात लावायचा नाही, असा इमारतीचा नियम होता, आणि एफ रांगेतल्या प्रत्येकाने लावला होता. कबूल केलं तर कमिटीपुढे उभं राहायला लागणार. जबरदस्तीने आत शिरणं त्याला जमलं असतं, पण त्यात काय मजा.

तो उठला, खाली गेला आणि मारिबेलच्या दुकानात शिरून खुर्चीत बसला.

"तुला म्हणून सांगतो, मारिबेल. टिअर्नी म्हणत होता, सगळा आवाज तुझ्या घरातून येतोय."

मारिबेलची कात्री हवेतच थांबली.

मग तो टिअर्नीकडे गेला. "मनावर घेऊ नकोस, पण शफीकभाई तुझं नाव घेत होता." शफीकभाईला त्याने टॅक्सीच्या खिडकीत वाकून सांगितलं, की मारिबेल दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना म्हणते, पाचव्या मजल्यावर काहीतरी गडबड आहे. तिघांनाही शेवटी एकच वाक्य सांगितलं. "उद्या लॉबीत मी घराचं नाव जाहीर करणार. तुझं असेल असं मला वाटत नाही. पण बघितल्याशिवाय कसं सांगू?"

संध्याकाळपर्यंत तीन दारं सताड उघडी. मारिबेल त्याला दंडाला धरून घरात घेऊन गेली. "ये, बघ. आणि त्या म्हाताऱ्याला सांग काय ते." तिला घरात उकडायचं म्हणून तिने व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला होता. वाफ त्या फटीतून आत घुसत होती, पण पाण्याला परत जायला वाट नव्हती. "पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद," बेस्निक म्हणाला. "नवऱ्यासारखं अर्धवट चालत नाही इथं." टिअर्नीच्या रेडिएटरच्या बाजूला अंगठ्याएवढी चकचकीत शिट्टी होती. वाफ येण्याआधी आतली हवा तिच्यातून सुसू करत बाहेर पडते. ती सुसू ऐकून मांजर पिसाळायची, म्हणून टिअर्नीने तिच्यात च्युइंगगम कोंबलं होतं आणि मग घर गार पडतंय म्हणून तोच कमिटीकडे तक्रारी करत होता. शफीकभाईने पोरीच्या साखरपुड्यासाठी घर रंगवलं, तेव्हा शिट्टीही गुलाबी रंगवून टाकली होती. वर त्याच्या बायकोने रेडिएटरच्या पायाखालचा लाकडाचा तुकडा काढून लोणच्याच्या बरणीखाली लावला होता.

बेस्निकने व्हॉल्व्ह उघडला, शिट्ट्या बदलल्या, लाकडाचा तुकडा परत मागून घेतला. सहाव्या मजल्यावर जाऊन मिसेस एडेलमनचीही शिट्टी नवी लावली. पळी खिळ्यावर होती तिथंच होती.

राहिलं एकच घर.

ब्रॅथवेटने शुक्रवारी सकाळी स्वतःच दार उघडलं, आणि सताड उघडलं. "ये, बघ. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

खरंच नव्हतं. भिंतीवरच्या तसबिरी एका रेषेत, टेबलावरचे चमचे एका रेषेत. खिडकीखाली रेडिएटर चांदीच्या रंगाने रंगवलेला. ब्रॅथवेटने कपाटातून पितळी टोकांची पाणसळ काढली आणि रेडिएटरवर ठेवली. बुडबुडा बरोब्बर दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबला.

"राहायला आलो तेव्हा हा तिरका होता," ब्रॅथवेट म्हणाला. "पहिल्या आठवड्यात मी तो सरळ केला. माझ्या दोन हातांनी. तेव्हापासून तसूभर हललेला नाही."

बेस्निक बुडबुड्याकडे बघत राहिला. तिरकं काही दिसलं की ज्याचा हात आपोआप पुढे जातो, असा माणूस या शहरात एकच होता, आणि तो नेमका एफ रांगेच्या मध्यावर राहत होता.

"काय झालं?" ब्रॅथवेटने विचारलं. "तुझी बोलती बंद झालेली मी पहिल्यांदाच बघतोय."

"सांगितलं तर मी पैज जिंकतो. म्हणजे, तुम्ही ऐकलंत तर. नाही ऐकलंत तर तुम्ही जिंकता."

"सांग."

"हा तिरकाच पाहिजे. व्हॉल्व्हकडे उतरता. आत वाफेचं पाणी होतं, ते घरंगळत परत जायला हवं. सरळ ठेवला की पाणी तिथंच बसतं. मग मागून वाफ येते आणि..." त्याने तळहातावर मूठ आपटली.

ब्रॅथवेटने पाणसळ उचलली. तिच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली. धूळ नव्हतीच.

"म्हणजे हा आवाज माझा."

"सगळ्यांचा होता. बाकीच्यांचा काढला."

"आणि तुझी अपेक्षा अशी की मी माझ्या हाताने हा वाकडा करावा, माझीच मिशी उतरवायला."

"अपेक्षा काहीच नाही. घर तुमचं." बेस्निकने खिशातून दोन लाकडी पाचरी काढून टेबलावर ठेवल्या, चमच्यांच्या रांगेशेजारी, जरा वाकड्या. "रविवारी मिसेस एडेलमन जर्सीला जातायत. कायमच्या. त्यांच्याकडे दोन महिने वाफ नाही."

"मला कोणी बोललं नाही."

"मलाही नव्हतं कळलं. आवाज फार होता."

तो निघाला. दार लावताना त्याने पाहिलं, ब्रॅथवेट टेबलाशी उभा होता आणि त्याने पाचरी सरळ करून ठेवल्या होत्या.

शनिवारी सकाळी बर्फ भुरभुरत होतं. बेस्निक तळघरात जाऊन वाफ सोडून आला, तोवर ब्रॅथवेटच्या दिवाणखान्यात सगळी एफ रांग जमली होती. मध्यावरचं घर, त्यामुळे वरचं आणि खालचं दोन्ही इथं ऐकू येणार. मारिबेल पेटी घेऊनच आली होती. "कोणाचीही असो," ती म्हणाली, "माझा वस्तरा तयार आहे." ब्रॅथवेटने सगळ्यांना कपात चहा दिला आणि कपांचे कान एका दिशेला वळवले. फक्त सहाव्या मजल्यावरच्या मिसेस एडेलमन आणि ॲड्रिएन नव्हत्या. त्या सामान बांधत होत्या.

"आता कोणी बोलू नका," शफीकभाई म्हणाला, आणि पुढे बराच वेळ तोच बोलत राहिला.

मग नळ तापायला लागला. जमिनीजवळ हात लावलेला टिअर्नी हळूच हात वर सरकवत होता. रेडिएटरची शिट्टी सुसकारे टाकू लागली. बेस्निकचं लक्ष नळाकडे नव्हतं. तो रेडिएटरच्या पायांकडे बघत होता. त्याच्या पाचरी टेबलावर तशाच होत्या, सरळ, चमच्यांच्या रांगेत. पण रेडिएटरच्या लांबच्या टोकाच्या पायांखाली दुसऱ्या दोन होत्या. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, दोन्ही एकसारख्या.

त्याने ब्रॅथवेटकडे पाहिलं. ब्रॅथवेट खिडकीबाहेरचं बर्फ बघत होता. त्याचं एक बोट मिशीवरून एकदाच फिरलं, निरोप दिल्यासारखं.

शिट्टीचा आवाज बारीक झाला आणि थांबला. रेडिएटर या टोकापासून त्या टोकापर्यंत तापला. नळात कुठे टिकटिकसुद्धा नाही. मारिबेलने ब्रॅथवेटच्या खुर्चीमागे जाऊन टॉवेल झटकला.

"मिस्टर ब्रॅथवेट," ती म्हणाली, "हनुवटी वर."

टण टण.

सगळे दचकले.

टण.

टिअर्नीने नळावरचा हात चटका बसल्यासारखा काढला. शफीकभाईने कपाळाला हात लावला. बेस्निक मात्र उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरत गेलं की मिशीची दोन्ही टोकं कानांकडे निघाली.

"हरलो," तो म्हणाला.

"थांब," ब्रॅथवेट खुर्चीतून अर्धा उठला. "हा नळाचा आवाज नाही. वरून कोणीतरी ठोकतंय. ती बाई आहे ती."

"पैज काय होती? एक जरी ठोका ऐकू आला तर. कोणाचा, ते ठरलं नव्हतं."

"हा मूर्खपणा आहे. नळ गप्प आहे. हरलो मी."

"मिस्टर ब्रॅथवेट, तीन ठोके पडले. तुम्ही ऐकलेत."

"मी ऐकले, पण..."

"बेसा," बेस्निक म्हणाला. कमरेचा पान्हा काढून तो नळाशी वाकला आणि त्याने दोनदा वाजवलं.

वरून लगेच उत्तर आलं. या वेळी पळी थांबायलाच तयार नव्हती.

"आता किती झाले कोणास ठाऊक," टिअर्नी म्हणाला. "भुवयासुद्धा जाणार याच्या."

बाहेरच्या पायऱ्यांवर खुर्ची मांडली तेव्हा बर्फ थांबलं होतं, आणि बातमी समोरच्या इमारतीपर्यंत गेली होती. बेस्निक गळ्याशी टॉवेल गुंडाळून राजासारखा बसला. त्याची बायको दारात उभी राहून फोनवरून अल्बेनियातल्या नणंदेला सगळं दाखवत होती. ब्रॅथवेटने फेसाचं भांडं धरलं. त्याने ते आपणहून मागून घेतलं होतं.

"हलू नकोस," मारिबेल म्हणाली. "हसलास तर ओठ जाईल."

"मग कोणाला हसवू देऊ नकोस."

वस्तरा एका बाजूने फिरला, मग दुसऱ्या. तिने टॉवेलने तोंड पुसलं आणि मागे सरून बघितलं. वरचा ओठ दुधासारखा पांढरा होता, आणि त्यावर थंडीने काटा आला होता.

"बापरे," टिअर्नी हळूच म्हणाला. "परत लाव."

लोक खो खो हसत असतानाच सहाव्या मजल्यावरची खिडकी धाडकन वर सरकली. मिसेस एडेलमन बाहेर वाकली. ना कोट, ना टोपी. बिनबाह्यांचा घरातला झगा, आणि हातात वर्तमानपत्र, त्याने ती वारा घेत होती. तिच्यामागे ॲड्रिएन दिसत होती. तिने स्वेटर काढून कंबरेला बांधला होता.

"अरे, भाजून मारतोस का मला?" मिसेस एडेलमन ओरडली. "कमी कर जरा. घरात उभं राहवत नाही."

"खिडकी लावा," ब्रॅथवेट खालून म्हणाला. "वाफ फुकट चाललीय."

"तुम्ही गप्प बसा. दोन महिने कुठे होती तुमची वाफ?" मग तिने मान आणखी पुढे काढली आणि खुर्चीकडे बघत डोळे बारीक केले. "आणि हा मधे कोण बसलाय? बेस्निक कुठे गेला?"

बेस्निकने पान्हा उचलला आणि पायऱ्यांच्या लोखंडी कठड्यावर दोनदा वाजवला.

मिसेस एडेलमनने वर्तमानपत्र हलवायचं थांबवलं.

"हां," ती म्हणाली. "तोच आहे मेला."

आणि मागे वळून आतल्या मुलीला काहीतरी सांगितलं. ते खाली ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने ॲड्रिएनचे हात खिडकीत आले, आणि तिने सुटकेसमध्ये भरलेले दोन स्वेटर परत बाहेर काढून गार हवेत झटकले आणि खिडकीच्या कठड्यावर पसरून ठेवले.